मूठभर माणसे आणि मोठी राज्ये

शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनीच एक गोष्ट वाचलेली असते. स्पेन देशाचा कोर्तेस नावाचा एक सरदार पाचएकशे शिपाई आणि सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि दोन-अडीच वर्षांत त्याने एक बलाढ्य साम्राज्य बुडवले. त्याच्या मागून पिझारो आला. त्याच्याजवळ तर दोनशेसुद्धा माणसे नव्हती. त्याने पेरूच्या राजाला भर चौकात, हजारो सेवकांच्या देखत पकडले. हे वाचून आपण पान उलटतो. फार झाले तर मनाशी म्हणतो, काय छातीची माणसे होती!

पण वाचकहो, पान उलटण्यापूर्वी जरा नकाशा पाहा. ज्या वर्षांत स्पेनची ही माणसे अमेरिकेत राज्ये गिळत होती, त्याच वर्षांत त्यांचे शेजारी पोर्तुगीज आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर उतरले होते. तीच तलवार, तसलीच तोफ, तसलीच जहाजे, तोच धर्म आणि तोच हावरेपणा. त्यांनी गोवे घेतले, चौलला कोट बांधला, वसई मिळवली. आणि पुढे? पुढे दोनशे वर्षे ते किनाऱ्याला चिकटून राहिले. वसईपासून मनमाड सरळ रेषेत मोजले तर जेमतेम दोनशे किलोमीटर. तेवढे अंतर काही त्यांना तोडता आले नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय कोडे आहे? मध्ये सह्याद्री उभा आहे ना! उत्तर सोपे आहे, पण ते टिकत नाही. कोर्तेस जिथे उतरला त्या व्हेराक्रूझच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोची राजधानी तीनशे किलोमीटरांहून लांब आहे, आणि ती समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. आपले मनमाड सहाशे मीटरांच्याही आतले. पिझारोने तर अँडीज पर्वत ओलांडला. सह्याद्रीपेक्षा कितीतरी अवघड डोंगर ही माणसे चढून गेली. मग तिथे जे जमले ते इथे का जमले नाही? या प्रश्नाचा धागा धरून आपण या विजेत्यांची ओळख करून घेऊ. कारण हा प्रश्न नीट सुटला, तर राज्ये जातात कशी आणि टिकतात कशी, याचेही थोडेफार उत्तर हाती येते.

प्रथम ही माणसे कोण होती ते पाहू. स्पॅनिश भाषेत त्यांना ‘कॉन्किस्तादोर’ म्हणतात, म्हणजे जिंकणारा. स्पेनमध्ये मुसलमान आणि ख्रिस्ती राज्यांचा झगडा शतकानुशतके चालला होता. १४९२ च्या जानेवारीत ग्रानादा हे शेवटचे मुसलमानी राज्य पडले आणि तो झगडा संपला. त्याच वर्षी कोलंबस पश्चिमेकडे निघाला. पिढ्यान् पिढ्या लढाईवर जगलेल्या समाजापुढे एकाएकी प्रश्न आला : आता लढायचे कुठे आणि जमिनी मिळवायच्या कोणाच्या? कोर्तेस आणि पिझारो दोघेही एक्स्ट्रेमादुरा नावाच्या मुलखातले. तो मुलूख रुक्ष, मेंढ्या-डुकरांचा आणि गरिबीचा. घराण्याचे नाव आहे पण खिशात दिडकी नाही, अशा धाकट्या मुलांची तिथे वाण नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे लोक राजाचे पगारी सैनिक नव्हते. स्पेनजवळ पगारी आणि कसलेले सैन्य होतेच. गोन्सालो फर्नांदेस दे कोर्दोबा या सेनापतीने इटलीत १५०३ साली चेरिन्योलाच्या लढाईत बंदुका आणि लांब भाले यांची अशी सांगड घातली की, फ्रान्सच्या घोडदळाची दाणादाण उडाली. लोकांनी त्याला ‘महान कप्तान’ ही पदवी दिली. पण अमेरिकेत गेले ते हे सैन्य नव्हे. तिथे चालला तो भागीदारीतला धंदा. कोणी जहाज घाली, कोणी घोडा, कोणी नुसती स्वतःची तलवार. लूट मिळाली की राजाचा पाचवा हिस्सा बाजूला काढायचा आणि उरलेली ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे वाटून घ्यायची. घोडेस्वाराला पायदळाच्या माणसापेक्षा मोठा वाटा. हरलो तर सर्वस्व गेले, जिंकलो तर जहागीर. म्हणून माघार घेणे त्यांना परवडत नसे.

या धंद्याला कायद्याचे पांघरूणही होते. १५१३ च्या सुमारास स्पेनच्या दरबाराने एक जाहीरनामा तयार केला. हल्ला करण्यापूर्वी तो तिथल्या लोकांना वाचून दाखवायचा. मजकूर असा की, पोपने हा मुलूख आमच्या राजाला दिला आहे, तुम्ही मुकाट्याने मान्य करा. न केल्यास जे होईल त्याचा दोष तुमच्या माथी. वाचायचा स्पॅनिश भाषेत! ऐकणाऱ्याला अक्षर कळत नसे. कित्येकदा ऐकायला कोणी हजरही नसे; झाडांना नि रिकाम्या झोपड्यांना वाचून दाखवून मंडळी पुढे सरकत.

आता कोर्तेसची गोष्ट जवळून पाहू. १५१९ साली तो मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. आतल्या पठारावर मेशिका लोकांचे राज्य होते. यांनाच आपण ॲझ्टेक म्हणतो. सरोवराच्या मधोमध त्यांची राजधानी होती, तेनोच्तित्लान. त्यांचे राज्य म्हणजे एकजीव देश नव्हता. आजूबाजूची कितीतरी नगरे त्यांनी जिंकली होती आणि त्यांच्याकडून धान्य, कापड, सोने आणि बळी देण्यासाठी माणसेसुद्धा वसूल केली जात. त्लास्काला नावाच्या राज्याने तर मेशिकांपुढे कधी मान तुकवली नव्हती. चारी बाजूंनी कोंडले गेल्यामुळे त्या लोकांना मीठदेखील दुर्मिळ झाले होते.

त्लास्कालाच्या लोकांनी प्रथम कोर्तेसशी कडाक्याची लढाई दिली. मग त्यांनी विचार केला, हे परके आपल्या शत्रूचे शत्रू होऊ शकतात; आणि त्यांनी तह केला. कोर्तेसजवळ मालिन्त्सिन नावाची एक दासी होती. तिला तिथल्या दोन भाषा येत. ती मुलखाची माहितगार आणि हुशार. तिच्या तोंडून कोर्तेसला कोण कोणावर रुसले आहे हे सगळे कळले. तोफेपेक्षा हे ज्ञान मोठे होते बरं का.

८ नोव्हेंबर १५१९ रोजी कोर्तेस राजधानीत शिरला आणि पुढे त्याने राजा मोक्तेसुमा यालाच ओलीस ठेवले. पण १५२० च्या ३० जूनच्या रात्री मेशिका लोकांनी स्पॅनिशांना झोडपून शहराबाहेर काढले. त्या रात्री शेकडो स्पॅनिश मेले. नुसत्या शौर्याचा हिशोब केला तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पळालेले स्पॅनिश गेले कुठे? त्लास्कालात. तिथे त्यांना अन्न मिळाले, जखमा बऱ्या करायला अवधी मिळाला आणि हजारो नवे साथीदार मिळाले. सरोवरात लढण्यासाठी तेरा नौका बांधल्या, त्यांचे सुटे भाग डोंगरातून खांद्यावर वाहून आणले ते त्लास्कालाच्या हमालांनी. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडले, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत एका स्पॅनिशामागे कित्येक पट स्थानिक योद्धे होते.

आणि त्या वेढ्याआधीच शहरात दुसरा शत्रू शिरला होता. स्पॅनिशांच्या जहाजातून आलेल्या त्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणत आलो. अमेरिकेतल्या लोकांनी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या अंगात त्याच्याशी झुंजायची ताकदच नव्हती. माणसे घराघरांतून मेली. मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वित्लावाक हा शूर राजा काही आठवड्यांतच देवींनी दगावला.

पेरूतही असेच घडले. तिथल्या इंका सम्राटाचा मृत्यू याच रोगाने झाला असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या पश्चात वास्कार आणि आतावाल्पा या दोन मुलांत गादीसाठी युद्ध जुंपले. आतावाल्पा जिंकला आणि नेमक्या त्याच वेळी पिझारो १६८ माणसांनिशी डोंगर चढून आला. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का गावच्या चौकात राजाला भेटीस बोलावून त्याने दगा केला. राजाबरोबरची माणसे बहुतेक निःशस्त्र होती. सुटकेसाठी आतावाल्पाने एक दालन सोन्याने आणि तेच दोन वेळा चांदीने भरून देण्याचे कबूल केले. दिले. तरीही १५३३ साली पिझारोने त्याला गळा आवळून मारले. पुढे कुस्कोच्या वाटेवर पिझारोला जी मदत मिळाली ती वास्कारच्या पक्षाची आणि इंकांनी चिरडलेल्या जमातींची. त्यांना वाटले, एक जुलमी गेला, बरे झाले.

इथे आपल्या ओठावर एक म्हण येते : कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पण ती लावताना जरा जपून. त्लास्कालाच्या माणसाच्या दृष्टीने मेशिका त्याचे गोत नव्हतेच. ‘अमेरिका’ नावाचा आपला एक देश आहे, ही कल्पनाच त्याच्या मनात नव्हती. ज्या राज्याने त्याच्याकडून फक्त घेतले, त्या राज्यासाठी तो रडेल कशाला? दोष द्यायचाच तर प्रजेला परके करून ठेवणाऱ्या राज्यकर्त्याला आधी द्यावा लागेल. त्लास्कालाच्या लोकांनी या युद्धाची लांबलचक चित्रे कापडावर काढून ठेवली, त्यांत पानोपानी त्यांचे योद्धे लढताना दिसतात. स्पेनच्या राजाला आठवण राहावी की, हे राज्य आम्ही मिळवून दिले. राजाने काही सवलती दिल्या खऱ्या. पण रोगाने त्यांना सोडले नाही, आणि अखेर तेही प्रजाच झाले.

तेव्हा हिशोब मांडू. पोलाद, घोडा, बंदूक, रोग आणि घरातली फूट, या पाच गोष्टींनी अमेरिका पडली. हे पाच शब्द मनात धरून आता आपल्या किनाऱ्यावर या.

फ्रान्सिस्को द अल्मेइदा हा हिंदुस्थानातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय. हा ग्रानादाच्या युद्धात लढलेला, म्हणजे स्पेनच्या त्याच तालमीतला. १५०८ साली त्याचा मुलगा लॉरेन्सो आपल्या चौलच्या खाडीत मारला गेला. इजिप्तचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून त्याला गाठले. सूड म्हणून अल्मेइदाने दाभोळ जाळले आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या समुद्रात शत्रूचे आरमार बुडवले. समुद्रावर पोर्तुगीजांना तोड नव्हती, हे कबूल केले पाहिजे. त्यांची उंच जहाजे आणि जहाजावरच्या तोफा यांपुढे आपली व्यापारी गलबते टिकत नसत.

त्याच्यामागून अफोन्सो द आल्बुकर्क आला. त्याने १५१० साली गोवे घेतले. मार्चमध्ये घेतले, मेमध्ये आदिलशहाच्या फौजेने हुसकावून लावले, आणि २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा घेतले. गोव्यावर चालून जा, असे त्याला सुचवले कोणी? तिमोजा नावाच्या होनावरकडच्या हिंदू दर्यावर्दी सरदाराने. आदिलशाही अंमलाला तिथली प्रजा कंटाळली आहे, ही बातमी त्याचीच. सोबतीला माणसे आणि होड्याही त्याच्याच. पाहा, जिथे फूट सापडली तिथे इथेही तोच डाव साधला.

पण उरलेल्या चार गोष्टींचे काय? घोडा आपल्याला नवा नव्हता. अरबस्तानचे घोडे शतकानुशतके चौल, दाभोळ, गोवे या बंदरांत उतरत. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकातच विकण्यासाठी घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला होता. मेक्सिकोच्या लोकांनी घोडा पाहून तोंडात बोट घातले. इथे मात्र दख्खनच्या सुलतानांजवळ हजारो स्वारांचे घोडदळ होते. आल्बुकर्कला घोड्यांची भीती दाखवता आली नाही, तेव्हा त्याने घोड्यांचा व्यापार मुठीत धरला. पोलादाचे तर बोलायलाच नको. हिंदुस्थानी पोलादाची कीर्ती अरबस्तानपर्यंत होती. दारूगोळाही इथे माहीत होता. मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तिथे १५४९ साली महंमद बिन हुसेन रूमी याने मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ ओतली. ती पुढे विजापूरला गेली आणि आजही तिथे बुरुजावर आहे. आणि रोग? देवीचा रोग इथे इतका जुना की, लोकांनी त्याला देवीचे नाव देऊन पूजाही मांडली होती. इथे मरत ते परकेच. गोव्याच्या इस्पितळात पोर्तुगालहून नुकते आलेले शिपाई मोठ्या संख्येने दगावत.

याच पोर्तुगीज आरमारातून १५०५ साली हिंदुस्थानात आलेला एक तरुण पुढे आपल्या राजावर रुसून स्पेनच्या चाकरीत गेला. त्याचे नाव मॅगेलन. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या आरमाराचा तो सेनापती. पण तोही या गोष्टीचाच एक पाठ शिकून मेला. फिलिपीन्समधल्या मक्तान बेटावर, एका स्थानिक राजाच्या भांडणात पडून, तो थोड्या माणसांनिशी लापुलापु नावाच्या नायकावर चालून गेला. साथीला आलेल्या स्थानिकांना त्याने सांगितले, तुम्ही नुसते बघा. २७ एप्रिल १५२१ रोजी तो तिथेच मारला गेला. मदतनीस बाजूला ठेवले की पोलादी चिलखत किती पुरते, हे त्या दिवशी दिसले.

तुम्ही विचाराल, स्पेनच्या या सत्तेचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध आला की नाही? आला. १५८० साली पोर्तुगालची गादी रिकामी झाली, तेव्हा स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने तिच्यावर हक्क सांगितला आणि आल्बाचा ड्यूक या आपल्या म्हाताऱ्या पण करड्या सेनापतीला लिस्बनवर धाडले. ऑगस्टमध्ये लिस्बन पडले. तेव्हापासून १६४० पर्यंत, म्हणजे साठ वर्षे, दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते. गोवे, चौल, वसई, दमण यांचा धनी स्पेनचा राजा होता! मेक्सिको, पेरू आणि वसई एकाच राजाच्या खात्यात. ठाणी सांभाळणारे अधिकारी पोर्तुगीजच राहिले, पण अमेरिकेत राज्ये गिळणारी सत्ता आता कोकणच्या उंबऱ्यावर उभी होती. त्या साठ वर्षांत तिने इथे काय कमावले? चौलच्या खाडीच्या तोंडावरचा कोर्लईचा डोंगरी किल्ला १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. तोही समुद्राच्या काठचाच. घाटमाथ्यावर गाव म्हणून एक मिळाले नाही.

कारण घाटमाथ्यावर काय होते ते पाहा. मनमाडच्या दक्षिणेला आगगाडीतून जाताना अणकाई-टणकाईची जोडगोळी दिसते. अणकाईवर अगस्ती ऋषींचे स्थान आहे, टणकाईच्या पोटात जैन लेणी आहेत. पण राज्यकर्त्यांच्या लेखी या डोंगरांचे महत्त्व वेगळे. सातमाळ्याच्या रांगेतली खिंड इथे आहे आणि खानदेशातून, सुरतेकडून, दौलताबाद-औरंगाबादकडे जाणारी वाट या किल्ल्यांच्या नजरेखालून जाई. अशी एकेक वाट, तिच्यावर एकेक किल्ला, किल्ल्यात शिबंदी, आणि शिबंदीमागे कर गोळा करणारे, तोफा ओतणारे, परराष्ट्रांशी वकिलाती चालवणारे राज्य. निजामशाही, आदिलशाही, मोगल, पुढे मराठे. आपापसांत भांडत होते हे खरे. पण एक पडला की दुसरा उभा होता. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला आणि अली आदिलशहाने गोव्याला एकाच वेळी वेढा घातला. ठाणी पडली नाहीत, कारण समुद्रातून त्यांना रसद मिळत राहिली. पण समुद्र सोडून आत येण्याची छाती पोर्तुगीजांनाही झाली नाही. अणकाई-टणकाई १६३५ साली परक्याच्या हाती गेले, ते शहाजहानच्या सरदारांच्या, जमिनीच्या वाटेने आलेल्या मोठ्या फौजेच्या.

आणि शंभर वर्षांनी पारडे उलटले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या सैन्याने वसई घेतली. सुरुंग लावून, रक्ताचे पाट वाहवून घेतली, आणि हरलेल्या शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिले. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा आहे, ती या वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगितली जाते.

इथे गोष्ट संपली असती तर छाती फुगवून घरी जाता आले असते. पण इतिहास तसा दिलदार नाही. वसईला ऐंशी वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १८१८ साली इंग्रज या बाजूला आले. एप्रिल महिन्यात कर्नल मॅकडॉवेलची तुकडी अणकाई-टणकाईखाली येऊन उभी राहिली. हे असले किल्ले! आत तोफा होत्या, दारूगोळा होता. प्रतिकार झाला नाही. किल्ले ताब्यात गेले. पलीकडे मालेगावचा भुईकोट, त्याच नारोशंकरांनी बांधलेला. तो मात्र जवळजवळ महिनाभर झुंजला आणि जूनमध्ये पडला. झुंजले कोण? तर तिथले अरब शिपाई. आणि वेढा घालणाऱ्या इंग्रजी निशाणाखाली मोठ्या संख्येने कोण होते? मद्रासकडच्या पलटणींतले हिंदी शिपाई!

पोर्तुगीजांना जे दोनशे वर्षांत साधले नाही, ते इंग्रजांना का साधले, याचे उत्तर या चित्रात आहे. तोवर घोडा तोच होता, डोंगर तेच होते, किल्लेही तेच होते. बदलली होती ती किल्ल्यामागची व्यवस्था. पेशवाईचा शेवटचा काळ आठवा : सरदार एकमेकांपासून फुटलेले, वसुलीचे मक्ते लिलावात दिलेले, शिपायांचे पगार तुंबलेले. इंग्रज शिपायाला महिन्याच्या महिन्याला पगार देत होता. कोर्तेसने त्लास्काला शोधले. इंग्रजाने पगारपत्रक उघडले. जिंकणारा बाहेरून येतो, पण जिंकण्याचे बळ तो इथेच गोळा करतो. ते बळ त्याला किती स्वस्तात मिळते, हे आधीच्या राज्याने आपल्या माणसांना कसे वागवले यावर ठरते.

आता या विजेत्या वीरांचे पुढे काय झाले, तेही ऐका. अमेरिकेच्या भूमीवरून पॅसिफिक महासागर प्रथम पाहणारा युरोपीय सरदार बाल्बोआ; त्याचे डोके १५१९ साली त्याच्याच लोकांनी उडवले. पिझारो आणि त्याचा भागीदार आल्माग्रो लुटीवरून भांडले. आल्माग्रोला १५३८ मध्ये मारले. त्याच्या पक्षाने १५४१ मध्ये लिमा शहरात पिझारोला त्याच्या राहत्या घरात भोसकले. भागीदारीचा धंदा भागीदारांनाच खाऊन गेला. कोर्तेस अंथरुणात मेला, पण दरबारात तक्रारी आणि खेटे घालून थकलेला.

आणि जिंकलेल्यांचे काय? मेक्सिकोत शंभर वर्षांत मूळ रहिवाशांची संख्या एक दशांशाच्या आसपास आली, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज आहे. रोगाने मारले, उरलेल्यांना वेठीने. १५४५ साली पोतोसीला चांदीचा डोंगर सापडला, तिथल्या खाणींत पाळीपाळीने गावेच्या गावे जुंपली गेली. या अन्यायाविरुद्ध स्पेनमध्येच आवाज उठला, हेही सांगितले पाहिजे. बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू स्वतः आधी अशा वेठीचा जहागीरदार होता. त्याने ती जहागीर सोडली आणि आयुष्यभर राजापुढे या लोकांची बाजू मांडली. १५५२ साली त्याने छापलेली हकीकत युरोपभर गाजली.

पोतोसीची ती चांदी फिरत फिरत सुरतेला उतरली आणि मोगल टांकसाळीत तिचे रुपये झाले. तिच्याबरोबर आणखीही काही आले. पुढच्या एकादशीला फराळाच्या ताटाकडे नीट पाहा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, हिरवी मिरची : यांतला एकही जिन्नस कोलंबसापूर्वी आपल्याकडे नव्हता. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोसुद्धा मूळचा अमेरिकेतला. मनमाड-येवल्याच्या बाजारात येणारा मका हे मेक्सिकोच्या शेतकऱ्याने हजारो वर्षे खपून घडवलेले धान्य. विजेत्यांनी ते फक्त जहाजात घातले. ज्यांची नावे इतिहासात नाहीत, त्या शेतकऱ्यांची कमाई मात्र आपल्या घरात रोज शिजते.

तेव्हा ‘मूठभर माणसांनी मोठे राज्य जिंकले’ असे वाक्य यापुढे कुठे वाचलेत, मुलांना शिकवलेत, तर दोन-तीन प्रश्न अवश्य विचारा. त्या मूठभरांना धान्य कोणी पुरवले? वाट कोणी दाखवली? तोफा कोणाच्या खांद्यावरून गेल्या? आणि ज्यांनी हे सारे केले, त्यांना आपले जुने राज्य आपले का वाटले नाही? उत्तर शोधताना परक्याच्या तलवारीकडे पाहाच. पण आपल्या घरातल्या तुंबलेल्या पगारांकडे, जुलमी वसुलीकडे आणि दुखावलेल्या शेजाऱ्याकडेही पाहायला विसरू नका. डोंगर आणि किल्ले जागच्या जागी राहतात. ते लढवायचे की नाही, हे माणसे ठरवतात.